पळसावरची पिशवी

१

कामाला लागण्याआधी शामला रोज एक रिकामी पिशवी तपासायची. घरची देवपूजा चुकली तर एकवेळ चालेल, पण हा नेम चुकायचा नाही, अशी तिची प्रयोगशाळेत ख्याती होती. पिशवी पारदर्शक, जाड प्लास्टिकची, उशीच्या अभ्र्याएवढी. तिच्यात टाकीतली शुद्ध हवा भरायची, ती हवा यंत्रात सोडायची आणि यंत्राची लेखणी कागदाच्या गुंडाळीवर काय काढते ते बघत बसायचं. पिशवीत काहीच नाही, तेव्हा रेघ सरळ यायला हवी. ती सरळ आली की मग दिवसाच्या खऱ्या कामाला हात घालायचा.

खरं काम झाडांचं होतं. कितीतरी झाडं उन्हात एक वायू सोडतात. त्याचं नाव आयसोप्रीन. ऊन जितकं कडक तितका तो जास्त, आणि अंधार पडला की बंद. एकटा असताना हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मोटारींच्या आणि चिमण्यांच्या धुराशी त्याची गाठ पडली की उन्हात दोघांची खिचडी शिजते, आणि शहरावर डोळे चुरचुरवणारी धुरकट झाक पसरते. त्या झाकेत धुराचा वाटा किती आणि जंगलाचा किती, हे नागपुरातल्या या संस्थेला ठरवायचं होतं. त्यासाठी रामटेकच्या पलीकडच्या जंगलातून झाडांची हवा पिशव्यांत भरून आणायची आणि मोजायची, हे शामलाकडे आलेलं काम. ओळखीच्या बायका विचारत, "तू करतेस तरी काय गं तिथं?" ती म्हणे, "झाडांचे श्वास मोजते." बायका हसत, आणि तीही हसे.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी रेघ सरळ आली नाही. लेखणी आपली सुतासारखी चालली होती, ती एका जागी वर चढली आणि पलीकडे उतरली. असा उंचवटा आला की प्रयोगशाळेत त्याला टेकडी म्हणत. कागदावर प्रत्येक वायूच्या टेकडीची जागा ठरलेली असते, आणि ही टेकडी बरोबर आयसोप्रीनच्या जागेवर होती.

शामलानं पिशवी बदलली. पुन्हा टेकडी आली. तिनं टाकी बदलली, नळ्या धुतल्या, खिडकी लावून घेतली. टेकडी काही जागची हलेना.

मग तिला आठवलं की पिशव्या धुऊन वाळवायचं काम नत्थूचं होतं, आणि नत्थूला जाऊन पंधरवडा झाला होता. नवा माणूस मिळेपर्यंत कुणीतरी पिशव्या कशातरी विसळत असणार. कारण सापडलं म्हणून तिला हायसं वाटलं. वहीत तिनं पिशव्या नीट धुतल्या गेल्या नाहीत एवढंच लिहिलं, नत्थूचं नाव लिहिलं नाही.

२

नत्थू मेश्राम संस्थेत शिपाई होता, पण त्याचं खरं काम झाडावर चढण्याचं. मूळचा भिवापूरकडचा, अडतिशीतला, सडपातळ आणि मितभाषी. छप्पन्न साली अकरा वर्षांचा असताना बापाचं बोट धरून त्यानं नागपुरात दीक्षा घेतली होती. दारू पिणार नाही ही त्या दिवशीची प्रतिज्ञा त्यानं भलतीच मनावर घेतली. वस्तीतली हातभट्टी बंद पाडायला तोच पुढं होता. त्यापायी त्यानं भट्टीवाल्याचा मारही खाल्ला, पण मागं सरला नाही. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं ते यामुळे.

वर चढण्याचे नियम शामलानं घालून दिले होते. फांदीवर पिशवी चढवून तिचं तोंड नाड्यानं बांधायचं. आत वायू साठेपर्यंत फांदी हलता कामा नये, म्हणून कमरेला दोर बांधून जागच्या जागी बसून राहायचं. माणसाच्या श्वासातही थोडं आयसोप्रीन असतं, तेव्हा तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा आणि मान पलीकडे वळवून श्वास घ्यायचा. आणि खालून बाई 'उतर' म्हणेपर्यंत उतरायचं नाही. नत्थूनं यातला एकही नियम कधी मोडला नाही. नाड्याची गाठसुद्धा तो ठरलेल्या पद्धतीनं मारी. दोन कान सारखे आणि एक टोक लांब लोंबतं, म्हणजे सोडताना हिसका बसू नये.

नागपूरकडचा माणूस मे महिन्यात खिशात कांदा टाकल्याशिवाय उन्हात पडत नाही. कांदा लू ओढून घेतो म्हणतात. पंधरवड्यापूर्वी त्या दिवशी रामटेकपलीकडच्या पळसाखाली शामलानं नत्थूचा कांदा काढून घेतला. "याचा उग्र वास पिशवीत गेला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल," ती म्हणाली.

नत्थूनं निमूटपणे कांदा तिच्या हातावर ठेवला. "ठेवा बाई तुमच्यापाशी. उतरल्यावर घेतो."

पळसाला नुकती नवी पानं आलेली, सावली नावालाच. नत्थू माथ्याजवळच्या फांदीवर बसला होता आणि शामला जीपच्या सावलीत. ड्रायव्हर पाण्याचे कॅन भरायला गावात गेला होता. ऊन अगदी डोक्यावर आलं, झाडानं भरभरून वायू सोडावा असं, आणि नेमका तोच नमुना तिला महिनाभर हवा होता.

"बाई, उतरू का?" वरून आवाज आला. "डोकं गरगर करून राहिलं."

"थांब जरा. आता कुठं ऊन चढलंय."

बऱ्याच वेळानं पुन्हा, जरा जड जिभेनं, "बाई, उतरू का?"

"थांब. अजून थोडं."

त्यानंतर त्यानं विचारलं नाही, आणि शामलाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे ती आता स्वतःपासून लपवू शकत नव्हती. ड्रायव्हर परत आला, त्यानं वर पाहिलं आणि कॅन टाकून धावला. नत्थू दोरावर लोंबकळत होता, दुपट्टा खाली ओघळला होता आणि तोंड पिशवीकडे उघडं पडलं होतं. खाली आणला तेव्हा त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं.

रामटेकच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "इतक्या उन्हात हा वर बसलाच कसा? दारूबिरू प्याला होता का?"

शामला म्हणाली, "सकाळी घेतली असावी. मोहाची."

हे वाक्य कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, कारण त्याची नोकरी कच्ची होती. दिवस मावळायच्या आत नत्थू गेला. पिऊन झाडावर चढला आणि मेला, ही बातमी त्याच्या प्रेताआधी वस्तीत पोचली.

३

टेकडी रोज येत राहिली. शामला काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. वायू येतोय म्हणजे कुठूनतरी येतोय, आणि कुठून ते शोधायचं, एवढंच तिच्या मते करण्यासारखं होतं.

आवारात झाडं होती. त्यांची हवा खिडकीच्या फटींतून येत असेल, तर अंधाऱ्या बंद जागेत पिशवी स्वच्छ राहायला हवी. तिनं कोरी करकरीत पिशवी घेतली, तिच्यात टाकीतली हवा जेमतेम भरली, तोंडाला चिमटा लावला आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली पर्समध्ये टाकली. पर्समध्ये किल्ली टाकताना बोटांना काहीतरी गार लागलं. नत्थूचा कांदा तिच्याकडेच राहिला होता. त्याला हिरवा कोंब फुटला होता. फेकून द्यावा म्हणून ती खिडकीपर्यंत गेली आणि तसाच तो पुन्हा पर्समध्ये ठेवला. उतरल्यावर घेतो म्हणाला होता, हे काही तिला विसरता येईना.

दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिनं कपाट उघडलं. सैलसर ठेवलेली पिशवी फुगून तट्ट झाली होती. आतल्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेवर, वाफ धरली होती. शामला बघत असताना ती वाफ हळूहळू विरली. मग पुन्हा धरली. पुन्हा विरली.

कपाट तापलं असेल, हवा प्रसरण पावली असेल, बाष्प जमलं असेल. तिनं ही कारणं ओळीनं मनात मांडली, आणि त्यांतल्या एकानंही वाफ पुन्हा पुन्हा का येते हे सांगता येत नव्हतं. तिनं ती हवा यंत्रात सोडली. टेकडी आजवरच्या सगळ्या टेकड्यांपेक्षा मोठी आली.

अंधारात झाड हा वायू सोडत नाही. अंधारातही सोडत राहतो तो माणूस. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ते वाक्य तिनं मनातसुद्धा पुरतं होऊ दिलं नाही. कपाटाला कुलूप लावून ती डबा न उघडताच बसून राहिली.

४

त्याच आठवड्यात गोपिका आली. नत्थूची बायको. उन्हातून चालत आलेली, डोक्यावर पांढरा पदर, चेहरा सुकलेला. पंख्याखाली बस म्हटलं तर बसली नाही.

"मी काही मागाले नाही आली, बाई," ती म्हणाली. "मले एकच सांगा. तो पेला होता का?"

शामलानं टेबलावरचा कागद सरळ केला. "मला नीट आठवत नाही, गोपिकाबाई. मी खाली होते, तो वर होता."

"डॉक्टरले तर तुमीच सांगितलं ना?"

शामलानं सरळ असलेला कागद पुन्हा सरळ केला.

"भट्टी सुरू झाली वस्तीत," गोपिका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "भट्टीवाला म्हणते, तुमचा नत्थूच पेऊन मेला, आता मले कोण बंद करते. विहारात त्याच्या नावानं मेणबत्ती लावाले कोणी उभं नाही राहून राहिलं. ज्यायच्या घरची दारू यानं सोडवली, तेच तोंड फिरवून जाते. मेल्याचं दुख आहेच, बाई. पण हे काहून केलं त्याच्यासंगं कोणी?"

शामलाच्या ओठांशी शब्द आले होते. तो प्याला नव्हता, मीच त्याला थांबवलं. एवढंच म्हणायचं होतं. तिनं तो कागद उचलून खणात ठेवला.

"दुपारी डोळा लागला का येते तो," गोपिका पुढं म्हणाली. "दुसरं काही नाही बोलत. मी म्हणतो, घरी ये, पाणी पे. तर म्हणते, बाईनं अजून उतर म्हटलं नाही."

पंखा फिरत होता तरी शामलाच्या पाठीवरून घामाची धार उतरली. "मी साहेबांशी बोलते," ती म्हणाली. "उद्याच बोलते."

गोपिकानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग असता तर शामलाला सोसवला असता. "साहेबाशी बोला का कोणाशी बोला. पण वस्तीत येऊन सांगा. मले सांगून काय फायदा? मले तर माहीतच आहे."

५

आनंदराव संस्थेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. नत्थूच्या अंत्ययात्रेला संस्थेतून तेवढे एकटेच गेले होते. शामला त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते आधीच खूश होते.

"बसा, मॅडम. तुमच्या पळसाचा निकाल पाहून राहिलो. काय नमुना आला हो. परदेशी लोकांनी पाहावं असा आला."

तो नमुना नत्थूच्या शेवटच्या पिशवीचा होता. पिशवी ठेवली तर हवा बिघडेल, म्हणून त्याच संध्याकाळी, नत्थूचं प्रेत दवाखान्यात असताना, तिनं ती यंत्रात सोडली होती. लेखणी वर वर चढत गेली तेव्हा शामलाला आनंद झाला होता. क्षणभरच, पण झाला होता. नंतर तिच्या लक्षात आलं की दुपट्टा ओघळलेला माणूस तोंड उघडं टाकून त्या पिशवीजवळ धापा टाकत होता, आणि नाडा सैल पडला होता. ती टेकडी पळसाची किती आणि नत्थूची किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"साहेब, मला नत्थूबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली.

आनंदरावांचा चेहरा उतरला. "फार वाईट झालं. पण आता काहून उकरून राहिल्या, मॅडम? जे सांगितलं ते सांगितलं. ते तसंच राहू द्या. त्यात तुमचंही भलं आहे अन् कामाचंही. तुम्ही आता दुसरं काही बोलाल, तर उद्या एकही माणूस आपल्यासाठी झाडावर चढणार नाही."

ते नको म्हणत होते, पण तोंड तर दाबत नव्हते. दार उघडं होतं, खुर्ची समोर होती, वाक्य तयार होतं. शामला नंतर कितीदा त्या क्षणाकडे परत गेली, आणि प्रत्येक वेळी तिला हेच दिसलं की तिला कुणीही अडवलं नव्हतं.

"नवीन माणूस पाहून ठेवला," आनंदराव म्हणाले. "सोमवारपासून येते. चढायला पक्का आहे म्हणतात."

"बरं," शामला म्हणाली, आणि उठली.

६

रविवारी धंतोलीतल्या घरी दुपारची सामसूम होती. मे महिन्यात त्या वेळेला नागपूर दारं-खिडक्या लावून कूलरपुढं आडवं होतं, रस्त्यावर कुत्रंही नसतं. शामलाची आई, शोभाताई, चटईवर पडली होती. खिडकीत कूलर घरघरत होता आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता.

"पर्समधला तो कांदा काढून ओट्यावर ठेवलाय मी," आई डोळे मिटूनच म्हणाली. "हातभर कोंब आलाय. टाकून देऊ का?"

"राहू दे."

"काय करायचंय ठेवून?"

"राहू दे म्हटलं ना, आई."

आईनं कूस बदलली. मग म्हणाली, "आणि कूलरमध्ये काय घातलंस गं? रानात गेल्यासारखा वास येतोय."

शामलालाही तो आला होता. वाळ्याखालून दुसराच वास वर येत होता, तापलेल्या पानांचा, उन्हात करपत आलेल्या कोवळ्या पळसाचा. वाळ्याच्या ताट्या जुन्या झाल्या असतील, पाणी शिळं असेल. बघायला हवं म्हणून ती उठली आणि तिनं कूलर बंद केला.

घरघर थांबली तशी दुपार एकदम मोठी झाली. आईचा श्वास ऐकू येऊ लागला. आणि आईचा श्वास थांबे त्या मधल्या जागेत दुसरा एक श्वास ऐकू येऊ लागला, कापडातून घेतल्यासारखा, दमलेला.

कूलरशेजारच्या फटीतून अंगणातला कडुनिंब दिसत होता. वाऱ्याची झुळूक नव्हती, पान हलत नव्हतं. तरी वरची एक फांदी वाकली होती. फळांनी वाकावी तशी नव्हे, वर कुणी बसलं की वाकते तशी. तिच्या टोकाशी पिशवी होती, उन्हात चकाकणारी. तोंडाला नाडा. दोन कान सारखे आणि एक टोक लांब लोंबतं. पिशवीच्या कडेला तळहाताएवढी वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती.

शामलानं वर बघायचं नाही असं ठरवलं आणि वर पाहिलं. पानांतून तिला एवढंच दिसलं, की खोडाला टेकवलेलं एक पाऊल होतं, तळव्याला भेगा पडलेलं, घट्ट रोवलेलं.

"बाई, उतरू का?"

आवाज नेहमीसारखाच होता. त्यात तक्रार नव्हती, राग नव्हता. काम झालं का, एवढंच विचारणारा.

एक शब्द म्हणायचा होता. गोपिका येऊन गेल्यापासून तो तिनं कितीदा ओठांत घोळवला होता. त्या शब्दानं तो सुटला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला सोडवावं असं तिला मनापासून वाटत होतं. रडू येईल इतकं वाटत होतं. पण शब्द म्हटला की ती फांदी हलणार होती. मग ते पाऊल खाली, मग दुसरं. तो अंगणात उभा राहून दुपट्टा सोडणार, ओट्यावरचा आपला कांदा मागून घेणार, आणि मग वस्तीकडे चालू लागणार. तिला त्याच्या बरोबरीनं चालावं लागणार होतं, तिथं सगळ्यांसमोर त्याच्या शेजारी उभं राहून बोलावं लागणार होतं.

"कोण आहे गं?" आईनं झोपेतच विचारलं.

शामलानं तोंड उघडलं. उतर म्हणायचं म्हणूनच उघडलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "अजून थोडं."



"बरं, बाई," वरून उत्तर आलं.

फांदी तशीच वाकलेली राहिली. पिशवीवरची वाफ विरली, आणि पुन्हा धरली नाही. श्वास नमुन्यात जाऊ नये म्हणून नत्थूनं मान पलीकडे वळवली होती.